धरायला कोण आहे?

भांडण मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. बाळीवेशीच्या मागं आमची गल्ली. आमची न्हाणी आणि रुद्रप्पांचं मागचं अंगण यांच्यात एकच भिंत, आणि वरचा पत्रा भिंतीला नीट टेकलेला नाही, त्यामुळं तिकडचं सगळं इकडं येतं. मी पाणी भरत होते. सोलापूरचा नळ तो, चार-पाच दिवसांनी येणार. शेजारी मयत झालंय म्हणून थांबतोय थोडाच.

“कसली गाडी मागवलीस रे?” रुद्रप्पांचा आवाज. हळू, पण दात आवळून.

“मयताची गाडी म्हणालो. आणखी काय म्हणू?” हा त्यांचा मेहुणा, मंगळवेढ्याचा. गेल्या त्या पार्वतम्मा, रुद्रप्पांची बायको, त्याची थोरली बहीण.

“आत स्ट्रेचर हाय त्यात! हिला पहाटे बसवलीय. आता पाय सरळ हुतात काय तिचं?”

“फोनवरच्या माणसानं नाव विचारलं, पत्ता विचारला. बसवून का झोपवून, हे त्यानं विचारलं न्हाय.”

“मग तू सांगायचं की!”

“त्यानं विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. आन् भावजी, बहीण माझी गेलीय. मलाच का झाडायलाय?”

मधेच गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “काका, टप बुटका हाय. बसलेलं मयत आत जायचं न्हाय. आधी बोलला असता तर...”

“तू गप रे!” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशी त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा लिंगायतांत मयताला झोपवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बसलेलंच मिरवत नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. अंग आखडायच्या आत बसवावं लागतं. एकदा बसवलं की मग ते माणूस आडवं होत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

शेवटी पार्वतम्मा चादरींच्या टेम्पोतून गेल्या. गठ्ठे उतरवून टेम्पो रिकामा केला, त्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, खुर्चीवर त्या, आणि मागून दोन्ही काखांत हात घालून धरायला चंद्रिका. त्यांची एकुलती लेक, तेव्हा कॉलेजला होती. रस्त्यात गतिरोधक आला की आई पुढं यायची आणि ही मागं ओढायची. चौकात एका बाईला वाटलं देवीची मिरवणूक चाललीय. तिनं हात जोडले. हे मला चंद्रिकानंच सांगितलं, पुढं कितीतरी दिवसांनी. सांगताना हसली, आणि हसता हसता उठून भांडी घासायला गेली. भांडी माझी होती.

मामा स्मशानातूनच परस्पर मंगळवेढ्याला गेला. परत त्या घराचा उंबरा त्यानं चढला नाही.

तेव्हापासून चंद्रिका बसत नाही. म्हणजे बसते, पण टेकली न टेकली की उठते. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा पाटावर बसवली, तर दुसरा प्रश्न यायच्या आत ही उठून पाणी आणायला गेली. पाणी आणलं, मग सुपारी आणली, मग दारात कोण आलंय ते बघून आली. पाहुणे म्हणाले, मुलगी कामसू आहे, पण आम्हाला घरात जरा शांतता लागते. असं तीनदा झालं, आणि मग रुद्रप्पांनी पाहुणे बोलवायचं सोडलं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. शिलाईवर नाही, कॉम्प्युटरवर. गावोगावच्या शाळा ऑर्डरी पाठवायच्या, त्याचा फॉर्म ही बनवायची. तिथंसुद्धा तिनं टेबलाखाली दोन रिकामे खोके सारून टेबल उंच करून घेतलं, उभ्यानं काम करता यावं म्हणून.

एकदा मी विचारलं, “फॉर्म बनवायचा म्हणजे काय करतीस गं? रेघा मारतीस?”

“अज्जी, शाळेनं ‘मुलं’ निवडलं की हाफ पँटचा रकाना उघडतो. ‘मुली’ निवडलं की तो झाकला जातो आन् फ्रॉकचा उघडतो. ज्याला जे लागत न्हाय ते त्याला दाखवायचंच न्हाय.”

“म्हणजे उपास हाय म्हणणाऱ्याला भाकरी किती वाढू, असं विचारायचं न्हाय. साबुदाणा का भगर, एवढंच विचारायचं.”

“तेच की.”

“मग त्याला कॉम्प्युटर कशाला? आमी चुलीपुढं बसून हेच करत होतो.”

“तुमच्या चुलीला लाल चांदणी होती का पण?” ती म्हणाली. लाल चांदणी म्हणजे काय, तर रकान्यापुढं एक लाल खूण असते. ती असली की तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. अडून बसतो. मी म्हटलं, तशी आमच्या घरी सासू होती.

पुढं आमच्या पेठेतल्या सेवामंडळाला कुणा दानशूरानं मयताची गाडी दिली. चांगली उंच टपाची. पेठेत सगळेच, आम्ही लिंगायत, तेलुगू विणकर, मराठे, खेड्यातून येऊन राहिलेले. म्हणून गाडीला दोन्ही सोयी. झोपवून न्यायचं तर स्ट्रेचर, बसवून न्यायचं तर खुर्ची. पण खुर्ची लावायला स्ट्रेचर काढावं लागतं, बोल्ट पिळावे लागतात, आणि ते मंडळाच्या शेडमध्येच होतं. दारात आल्यावर बदल नाही.

फोन घ्यायचं काम मंडळाचे चिटणीस रामहरी यांच्याकडं. माणूस भला, पण समोरचा रडायला लागला की हाही रडायचा, आणि दोघांच्या रडण्यात बसवून का झोपवून हे राहून जायचं. दोनदा गाडी चुकीच्या सोयीनं गेली. दुसऱ्यांदा गेली त्या दिवशी चंद्रिका कारखान्यातून थेट रामहरींच्या दारात.

“काका, मी फॉर्म बनवून देते. मोबाइलवर. लिंक दाबायची, भरायचा, गाडीवाल्याच्या फोनवर घंटी वाजती.”

“अगं, घरात मयत असताना लोक फॉर्म भरत बसतील व्हय?”

“बसू नका म्हणावं. उभ्यानं भरा. तुमी फोनवर विचारता तेच विचारणार, फक्त विसरणार न्हाय.”

“आन् ज्याला मोबाइल येत न्हाय त्याला?”

“त्याला शेजार हाय की.”

रामहरी हो म्हणाले. ती घाई कशाची होती ते मला ठाऊक होतं. रुद्रप्पांनी ऐंशी ओलांडली होती. न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं, आत रॉड. दिवसभर खाटेवर. एकदा त्यांच्या दारात उभी राहून तिनं मला हळूच सांगितलं, “अज्जी, अव्वाचं झालं तसं अप्पांचं होऊ द्यायचं न्हाय. गाडी बरोबर आली पाहिजे. बस.” आणि बस म्हणून स्वतः आत-बाहेर करत राहिली.

घरात ज्वारीचा पत्र्याचा उंच डबा आहे, छातीपर्यंत येतो. त्यावर लॅपटॉप ठेवून तिनं फॉर्म बनवला. पहिला प्रश्न, मयताचं नाव. मग पत्ता. मग समाज. ‘लिंगायत’ निवडलं की आपोआप ‘बसवून’ आणि त्याखाली नवे रकाने उघडायचे: बसवलं आहे का? जिना किती अरुंद आहे? आणि सगळ्यात शेवटी, गाडीत धरायला कोण आहे? त्यापुढं लाल चांदणी. बाकीच्या समाजांना हे काही दिसायचंच नाही.

आता फॉर्म चालतो का ते रोज तपासायचं. आणि तपासायचं म्हणजे रोज कुणीतरी मरायला हवं. खोटं नाव घालावं तर ती म्हणे, खोट्या नावाची एखादी खरीच व्यक्ती निघाली तर? मग विचारत फिरली, तुमचं नाव घालू का, रोज सकाळी, लगेच रद्द करणार. गल्लीत कोण तयार होणार! एका बाईनं तर दार लावून घेतलं. गाडी चालवणारा युवराज म्हणाला, “ताई, माझं घालाल तर मी गाडी सोडीन.” मग तिनं स्वतःचं घातलं, तर खाटेवरून रुद्रप्पा ओरडले, “मी जिता असताना माझ्या पोरीचं नाव मयतात?”

मी म्हटलं, “घाल माझं. निंगव्वा. तिसरीत शाळा सोडल्यापासून माझं नाव कुटं लिहिलेलं न्हाय, तेवढंच लिहून होईल.”

तेव्हापासून मी रोज सकाळी मरते. ‘निंगव्वा, बसवून, धरायला: चंद्रिका’. युवराजच्या फोनवर घंटी वाजते, तो रद्द करतो, आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, “अज्जी, रद्द झालं!” मग मी चहा ठेवते. सूनबाईला हे आवडत नाही. मला मात्र बरं वाटतं. दिवस उजाडल्यावर कुणीतरी आपल्याला परत आणतंय.

सहा महिने फॉर्म झकास चालला. मग अंबुबाई.

अंबुबाई आमच्या मागल्या बोळात राहायच्या, नवरा-बायको दोघंच. मुलगा परदेशात. नवरा दुपारी गेला, बसल्या जागीच. अंबुबाईंना मोबाइल येतो, लेकाशी बोलून बोलून शिकल्या होत्या. त्यांनी फॉर्म भरला. नाव, पत्ता, लिंगायत, बसवून. आणि मग आलं, गाडीत धरायला कोण आहे? आता कुणाचं नाव लिहिणार? त्यांनी काही न लिहिता पुढं दाबलं. फॉर्म लाल झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. ‘कोणी नाही’ असं लिहायचं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना वाटलं, नाव नाही म्हणजे गाडी नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून त्या किती वेळ ते बटण दाबत होत्या कोण जाणे. शेवटी दूधवाला आला, त्यानं रामहरींना फोन लावला.

रामहरी तणतणत चंद्रिकाच्या दारात आले. “हेच का तुझं विसरणार न्हाय? माझ्या फोनला रडू येत होतं, पण असं अडवत तरी नव्हता तो! उद्यापासून बंद. मी फोनवरच घेतो.”

चंद्रिकाच्या फेऱ्या सुरू झाल्या. डब्यापासून दारापर्यंत, दारापासून डब्यापर्यंत. मग म्हणाली, “काका, मला वाटलं धरायला कुणी नसलं तर खुर्चीत माणूस... तुमाला ठाऊक न्हाय काय होतं ते.”

“ठाऊक हाय. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. पण तुझ्या आईची गोष्ट अंबुबाईला का विचारतीस?”

फार लागलं ते. मला भिंतीपलीकडं लागलं, तर तिला किती. पण रामहरी चुकीचं बोलले नव्हते.

ती अंबुबाईंकडं गेली. गाडीत खुर्चीमागं स्वतः गुडघे टेकून राहिली, नवऱ्याला धरलं, अंबुबाईंना पुढं युवराजच्या शेजारी बसवलं. परत येऊन हात-पाय धुतले आणि लाल चांदणी काढून टाकली. आता तो प्रश्न वेगळा झाला: धरायला कोण आहे का? हो म्हटलं तर नाव लिहायचं. नाही म्हटलं तर नवी ओळ उघडते, ‘मंडळाची व्यक्ती गाडीबरोबर येईल’, आणि घंटी चंद्रिकाच्या फोनवर वाजते. रामहरींनी ते तीनदा दाबून बघितलं आणि बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग तिची धावपळ विचारू नका. घंटी वाजली की कारखान्यातून निघाली. साहेब पहिल्यांदा कुरकुरला, मग त्याच्याच भावकीत कुणी गेलं आणि गप झाला. अनोळखी माणसांना काखेत धरून ती गावभर फिरली. घरी आली की अंघोळ, आणि मग पुन्हा तो डबा, पुन्हा फॉर्म; हा रकाना वर घेऊ का, हा शब्द बोचतो का. “अज्जी, ‘मयताचं नाव’ म्हणू का ‘गेलेल्या व्यक्तीचं नाव’?” मी म्हणायची, “नुसतं ‘नाव’ म्हण. कोण गेलंय ते त्यांना ठाऊक हाय.”

असंच एका सकाळी ती तपासत होती. मोठ्यानं वाचायची सवय. मी तिथंच होते, रुद्रप्पांना शेंगाचटणी आणि दूध-भाकरी घेऊन गेले होते.

“निंगव्वा. लिंगायत. बसवून.”

“मला विचारलंस काय?” रुद्रप्पा म्हणाले.

“काय अप्पा?”

“बसवून म्हणतीस सारखं. मला कधी विचारलंस, मला कसं न्यायचं?”

“अप्पा, आपल्यात बसवतात.”

“मला सांगतीस? जन्मभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलो. आता हा पाय मुडपत न्हाय. रॉड हाय आत. मी गेल्यावर चौघं मिळून जोर लावून मुडपणार तुमी. मला रोज दिसतंय ते. डोळा लागला की तेच दिसतंय.” ते थांबले, दम लागला. “मला आडवं न्या.”

तिनं डब्यावरच्या लॅपटॉपवर ‘झोपवून’ शोधलं. नव्हतं. लिंगायत निवडलं की तो रकाना तिनंच झाकला होता, स्वतःच्या हातानं, जे लागत नाही ते दाखवायचं नाही म्हणून. कितीदा तरी मागं-पुढं केलं तिनं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “मीबी विचारलं न्हाय की, अज्जी.”

त्या दिवशी ती कारखान्यात गेली नाही. मठात गेली, तिथल्या स्वामींना, अय्यांना, विचारायला. मीही गेले तिच्यामागं, तिची चाल माझ्यानं झेपत नव्हती तरी. अय्या म्हातारे, ऐकायला कमी. तिनं दोनदा ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “पाय मोडून बसवलेला माणूस कुणाला पाहिजे? इष्टलिंग हातात असू दे, विभूती कपाळावर असू दे. पाय लांब असले तर असू दे.” तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? अय्या म्हणाले, “तू आधी बस बघू जरा.” ती नमस्कार करून निघालीच.

घरी येऊन तिनं समाजाचा रकाना काढून टाकला. रामहरी धावत आले. “अगं, समाजच काढलास? मग कळणार कसं?”

“विचारून.” आता नाव-पत्त्यानंतर सगळ्यांना एकच प्रश्न: कसं न्यायचं? बसवून, झोपवून, किंवा ‘ठरलं नाही, फोन करा’. जिन्याचा प्रश्न सगळ्यांना, बाकी जे निवडतील त्याचेच पुढचे रकाने.

“लोक बोलतील. रुद्रप्पाला आडवं नेलं म्हणतील.”

“म्हणू दे. मला चालतंय.” पण तिला चालत नव्हतं. दोन-तीन वेळा तिनं वडिलांना पुन्हा विचारलं, “अप्पा, नक्की?” तिसऱ्यांदा ते वैतागले, “किती विचारतीस! न विचारलेलं बरं होतं!”

रुद्रप्पा गेले ते उन्हाळ्यात, सकाळी. मी न्हाणीत होते. भिंतीपलीकडं रोजच्यासारखा माझा मृत्यू व्हायची वेळ झाली होती. आवाज आला नाही. मी ओल्या पायांनीच तिकडं गेले.

ती डब्यापाशी उभी. चेहऱ्यावर काही नाही. भरत होती. नाव, रुद्रप्पा. पत्ता. कसं न्यायचं? तिनं ‘झोपवून’ दाबलं आणि बोट तसंच वर धरून थांबली. पुढं जिन्याचा प्रश्न आला. धरायचा प्रश्न आला नाही. झोपवून न्यायचं असेल तर तो रकाना उघडत नाही. तिनंच तसं केलेलं. ती त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मी म्हटलं, “चंद्री, पाठव की.” तेव्हा तिनं पाठवलं.

मंगळवेढ्याचा मामा आला. काठी टेकत, पाठ वाकलेली. अंगणाच्या बाहेरच थांबला, आत आला नाही. युवराज गाडीतून उतरला तशी त्यानं त्याला गाठलं. “काय रे, बसवून का झोपवून, विचारलं व्हतंस?”

“विचारलं की मामा. फॉर्मवर आलंय. झोपवून.”

“आमच्यात झोपवून?”

“त्यांनी स्वतःच सांगितलंय म्हणं.”

मामानं जरा वेळ काठी जमिनीवर आपटली. “जिता असताना कधी माझं ऐकलं न्हाय त्यानं,” म्हणाला. “आता कोण सांगणार.” आणि गाडीच्या मागून चालायला लागला. कुणीतरी रिक्षात बसा म्हणालं तर नको म्हणाला.

चंद्रिका गाडीत स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसली. मी समोर. गतिरोधक आला की तिचे हात पुढं यायचे, आणि काही धरायचं नाही म्हटल्यावर परत मांडीवर जायचे. रुद्रप्पा हलत नव्हते. पट्टे होते. लांब पाय करून निवांत चालले होते. स्मशान येईपर्यंत ती बसून राहिली. मी तिच्याकडं बघत होते, उठते का म्हणून. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, हेही खरं.

परत आलो. अंघोळी झाल्या. लोक आले, गेले. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली, ती तिनं दारात उभ्यानं खाल्ली. दिवेलागणीला पायात चपला घालताना दिसली.

“आता कुटं चाललीस?”

“शेडला. खुर्ची काढून ठेवलीय ना सकाळी. उद्या कुणाला लागली तर?”

मी गेले बरोबर. युवराजनं स्ट्रेचर धुवून उभं करून ठेवलं होतं. तिनं खुर्ची उचलली, गाडीत ठेवली, बोल्ट पिळले, हलवून बघितली. मग मोबाइल काढला. सकाळचं राहिलं होतं. नाव, निंगव्वा. पत्ता. बसवून. धरायला कोण आहे का? हो. चंद्रिका.

युवराजच्या खिशात घंटी वाजली. त्यानं काढून बघितलं, बटण दाबलं.

“अज्जी, रद्द झालं,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हटलं. “चल, चहा ठेवते.”